कुरिहारांची मराठी, आहे तशी

मी, श्रीमती राजश्री तात्सुओ कुरिहारा, माहेरची तायडे, वडिलांचे नाव यादवराव, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त परिचारिका, राहणार हाउन्सलो, लंडन, लिहून ठेवते ते असे की : माझी बुद्धी ठिकाणावर आहे. अक्षर थोडे हलते आहे, पण ते हृदयाच्या दुखण्यामुळे. मला कोणी भरीला घातलेले नाही की कोणी धाक दाखवलेला नाही. यापूर्वी इंग्रजीत केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. सॉलिसिटर बाईंनी सांगितले की मराठीतले मृत्युपत्र इथे चालते, फक्त अधिकृत भाषांतर जोडावे लागेल. मराठीतच कशाला, असे त्यांनी दोनदा विचारले. मी म्हटले, प्रश्नच मराठीचा आहे.

पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. त्यानंतर वसंतात आमच्या मराठी मंडळाचा सुवर्णमहोत्सव आहे. त्यात माझ्या दिवंगत पतींना श्रद्धांजली म्हणून त्यांच्या एका सिनेमातला प्रसंग पडद्यावर दाखवायचे ठरले आहे. त्या प्रसंगाच्या आता दोन प्रती आहेत. एकीत पती जसे बोलले तसे बोलतात. दुसरीत मी त्यांचे बोलणे सुधारून घेतले आहे, तेही ते गेल्यानंतर. मंडळाकडे गेली आहे ती सुधारलेली. मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठले नाही तर तीच खरी ठरेल. हे मृत्युपत्र त्यासाठी आहे, घरदार ओघाने आले.

कलम १. राहते घर, मागच्या बागेसह व गळक्या शेडसह, माझा एकुलता मुलगा देव यास द्यावे. तो मिल्टन कीन्सला राहतो, कॉम्प्युटरमध्ये नोकरी करतो आणि हाउन्सलोला पार्किंग मिळत नाही म्हणून कुरकुर करतो. त्याने घर विकले तरी माझी हरकत नाही. फक्त त्याने एक लक्षात ठेवावे की हे घर एका मिशीवर उभे आहे. त्याचे वडील चिनी खलनायक झाले की त्यांना हनुवटीखाली लोंबणारी एक मिशी लावत. ती मिशी टीव्हीवर दिसली की मी शेजाऱ्यांच्या खिडकीकडे बघत असे, त्यांच्याकडे तेच चॅनल लागले आहे की काय. आणि तिच्याच जोरावर आम्ही स्वयंपाकघर वाढवले. मंडळात मात्र मी सांगत असे की आमचे हे विमानतळावर कार्गोत आहेत.

कलम २. बँकेतल्या शिलकेपैकी निम्मी देवला आणि निम्मी आमच्या विहाराच्या ग्रंथालयाला द्यावी. विहाराचे माझ्यावर एक लाजिरवाणे ओझे आहे. आमचे लग्न ठरले तेव्हा माझे वडील दर्यापूरहून मुद्दाम आले होते. जावई जपानी, म्हणजे बौद्धांच्या देशातला, म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचा बौद्ध, असा त्यांनी हिशोब केला होता. त्यांनी विहारात सर्वांसमोर जावयाला धम्मावर दोन शब्द बोलायला उभे केले. कुरिहारांना धम्मातले काही येत नव्हते. ओसाकात त्यांचे घराणे वर्षातून एकदा देवळात जाई, तेही जत्रा असते म्हणून. पण त्यांनी त्या वर्षी भिक्खूची भूमिका केली होती. ते शांतपणे मांडी घालून बसले, डोळे अर्धे मिटले आणि इतक्या खोल आवाजात गप्प राहिले की म्हाताऱ्या बायका रडल्या. माझ्या वडिलांनी वाकून त्यांना नमस्कार केला. घरी येताना कुरिहारा मला म्हणाले, "मला फार लाज वाटते आहे, हे खोटं होतं." मी वडिलांना कधी सांगितले नाही. ते तो नमस्कार आयुष्यभर अभिमानाने सांगत राहिले.

कलम ३. पतींच्या वस्तू. रंगपेटी, लाकडी तलवार आणि अभिनय शिकणाऱ्या मुलांना वाकून नमस्कार करायला शिकवताना वापरत ती चटई देवला द्यावी. वर सांगितलेली मिशी जाळून टाकावी. एक रेशमी किमोनो आहे, तो एका शूटिंगहून आणलेला व परत न केलेला आहे. ज्या कंपनीचा होता ती बुडाली, त्यामुळे तो कोणाला द्यावा हे मला सुचत नाही.

या वस्तूंसोबत त्यांची हकिकतही जावी, कारण ती दुसरीकडे कुठे लिहिलेली नाही. सिनेमाच्या शेवटी नावे वर सरकतात तेव्हा लोक कोट घालत असतात. तात्सुओ कुरिहारा सव्विसाव्या वर्षी एका नाटक मंडळीबरोबर लंडनला आले. मंडळी परत गेली, हे राहिले. शेक्सपिअरच्या देशात आपण नट होणार, अशी त्यांची समजूत होती. झाले ते युद्धकैद्यांच्या छावणीतले पहारेकरी, लाँड्रीवाले, कॅमेरा लटकवलेले पर्यटक, हॉटेलात वाकणारे मॅनेजर. कोरियन झाले, मंगोल झाले, तिबेटी झाले. जपानी कमीच झाले. पहिल्या अर्ध्या तासात मरत आणि मग जेवायला घरी येत. एकदा त्यांना एका गंभीर चित्रपटात विधुर माळ्याची भूमिका मिळाली होती. त्यात ते बायकोची छत्री मिटतात, एवढाच प्रसंग होता. महिनाभर ते आमच्या दिवाणखान्यात माझी छत्री मिटत होते. चित्रपटातून तो प्रसंग काढून टाकला. दिग्दर्शक अजून हयात असेल तर त्याला माझ्या इस्टेटीतून काहीही मिळू नये.

मी त्यांना चारचौघांत आपल्या पद्धतीने "अहो" म्हणे. त्यांच्या ओसाकाच्या बोलीत "अहो" म्हणजे मूर्ख. लग्नानंतर कितीतरी महिने त्यांची समजूत होती की मराठी बायका नवऱ्याला लोकांसमोर प्रेमाने मूर्ख म्हणतात. खुलासा झाल्यावरही ते म्हणाले, दोन्ही अर्थ चालतील. असा माणूस होता.

कलम ४. आता मूळ मुद्दा.

दिग्दर्शक त्यांना सांगत, संवाद लिहिलेला नाही, तुझ्या भाषेत काहीतरी रागाने बोल, कोणाला कळतंय. मंगोल सरदाराच्या तोंडी जपानी घालायची यांना लाज वाटे. ओसाकात आईने पाहिले तर काय म्हणेल, ही धास्ती. म्हणून ते मराठी बोलत. लंडनमध्ये मराठी कोणाला कळते, असे त्यांना वाटे. आणि मराठी त्यांना येत होती ती फक्त माझी. पुस्तक नाही, वर्ग नाही. घरात मी जे बोलते ते, माझ्याच चालीवर. त्यामुळे ते स्वतःबद्दलही माझ्यासारखेच बोलत : मी करते, मी सांगते, मला कंटाळा आली आहे. यातला शेवटचा घोटाळा त्यांचा स्वतःचा.

दुसरे असे की मी घरात बोलत असे ती मराठी या मृत्युपत्रातली नव्हे. मी दर्यापूरची. आमच्या घरी "मले", "तुले", "करून राहिली" असेच बोलतात. इथे नर्सेसच्या होस्टेलमध्ये पुण्याची एक मुलगी माझ्या "मले"ला इतकी हसली की तिने ते सगळ्या मजल्यावर पसरवले. तेव्हापासून मी जीभ घासून घेतली. मंडळात सर्वांना मी पुण्याकडचीच वाटत असे आणि मी तसे वाटू देत असे. दाराच्या आत मात्र, विशेषतः देववर ओरडताना, माझी आईच माझ्या तोंडून बोले.

तर हिमालयातल्या डाकूंचा एक सिनेमा आला. त्यात कुरिहारा डाकूंचे सरदार. नायक कड्याला लोंबकळतो आहे, सरदार त्याच्या बोटांवर पाय ठेवून गर्जतो. खाली इंग्रजीत उमटते की या पर्वतांतून तू जिवंत जाणार नाहीस. आणि माझे पती संपूर्ण ताकदीने म्हणतात, "किती डाव सांगून राहिली मी तुले, वल्ला टावेल पलंगावर टाकत नको जाऊ! आता मारतेच मी!"

टॉवेल देवचा होता.

सिनेमा बरीच वर्षे कोणा मराठी माणसाने पाहिला नाही. मग एका बँक हॉलिडेच्या सुट्टीला तो टीव्हीवर लागला आणि संध्याकाळपर्यंत आमचा फोन थांबेना. मंडळाचे सचिव सतीश कर्णिक यांनी तो प्रसंग टेप केला होता. त्या दिवाळीला जेवणाआधी त्यांनी तो सभागृहात पडद्यावर लावला. माणसे खुर्च्यांवरून घसरायची बाकी राहिली. खरे सांगायचे तर त्यात वाईट हेतू नव्हता. कुरिहारा स्वतः हसत होते. त्यांनी उभे राहून सगळ्यांना वाकून नमस्कार केला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना एवढी दाद कधी मिळाली नव्हती.

शेजारी बसलेल्या एका बाईंनी मला विचारले, "ही भाषा कुठली हो? तुमच्याकडची का?"

मी म्हटले, "छे, सिनेमावाल्यांनी शिकवली असेल."

आईला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. माझ्या आईची भाषा तीनशे माणसांसमोर पडद्यावर आली आणि मी तिची ओळख दिली नाही. याची लाज मला आज ज्या प्रमाणात वाटते ती मी कोणत्याही कलमात बसवू शकत नाही.

लोकांनी आग्रह केला, कुरिहारा, एकदा प्रत्यक्ष होऊन जाऊ द्या. ते उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला. त्यांच्या तोंडून पुन्हा ते दर्यापूर बाहेर पडणार, या भीतीने मी मोठ्याने म्हटले, "अहो, आधी 'मारतो' म्हणायला शिका. पुरुष आहात ना?"

सभागृह आणखीच हसले. ते खाली बसले.

गाडीत त्यांनी मला विचारले की "मारते" आणि "मारतो" यात फरक काय. तोवर मी कधी सांगितलेच नव्हते. मला ऐकायला गोड वाटे म्हणून सांगितले नव्हते. मग मी सांगितले. ते म्हणाले की महायुद्धानंतर ओसाकात अमेरिकन शिपाई आपल्या मैत्रिणींकडून भाषा शिकत आणि बायकांसारखे जपानी बोलत. गल्लीतली मुले त्यांच्या मागे हसत जात. "मी त्या मुलांत होतो," ते म्हणाले. "आता मी तो शिपाई आहे."

त्यानंतर ते माझ्याशी मराठीत बोलले नाहीत. रुसले नाहीत, भांडले नाहीत. चहा करून देत, बागेत बसत, सगळे इंग्रजीत. मी कधी मराठीत विचारले तर हसून इंग्रजीत उत्तर देत. देवनेही शनिवारच्या मराठी वर्गात असेच काहीतरी ऐकून लहानपणीच माझ्याशी व बाहेर मराठी सोडली होती, तो फक्त वडिलांशी मराठी बोलत असे. आता तेही बंद झाले. आमच्या घरातून मराठी गेली आणि मंडळात माझी शुद्ध मराठी वाखाणली जात राहिली.

त्यांचा शेवट तीन वर्षांपूर्वी झाला. छाती भरली होती. दुपारी त्यांना तपासणीसाठी दुसऱ्या मजल्यावर न्यायला पोर्टर आला. मास्कखाली त्यांचे ओठ हलत होते. मी जन्मभर नर्स, मला वाटले तहान लागली आहे. मी पाण्याचा पेला भरायला घेतला. वास्तविक मला ओळखता यायला हवे होते, कारण कॅमेऱ्यापुढे जाण्याआधी ते असेच मनातल्या मनात संवाद घोकत. खाट दारापर्यंत गेली तेव्हा त्यांनी मास्क बाजूला केला आणि अगदी स्पष्ट, एकेक अक्षर सुटे करून म्हणाले, "येतो."

निघताना आपल्यात "जातो" म्हणत नाहीत, हे त्यांना मीच लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सांगितले होते. तेव्हापासून प्रत्येक शूटिंगला निघताना ते दारातून "येते हं" म्हणत. त्या दिवशी त्यांनी ते सुधारले होते. माझ्यासाठी सुधारले होते. आणि मी पेला हातात धरून फक्त मान हलवली. ते परत आले नाहीत. व्याकरणाला नाव ठेवायला जागा नव्हती. माझा माणूस मात्र "येते" म्हणाला असता, आणि तो निरोप मला मिळाला नाही. कारण तो मीच सभागृहात पुसून टाकला होता.

कलम ५. एवढे होऊनही मी शहाणी झाले नाही. या वर्षी कर्णिकांनी सुवर्णमहोत्सवासाठी तोच प्रसंग मागितला. आता ते श्रद्धांजली म्हणतात, तरी माझी धास्ती तीच. लोक गेलेल्या माणसाला हसतील, आणि पुन्हा कोणीतरी विचारेल, ही भाषा कुठली. मी देवला विचारले, काही करता येईल का. तो इंग्रजीत म्हणाला, "सोपं आहे, आई. आवाज बाबांचाच राहील, फक्त शब्द बदलतील." हल्ली यंत्राला तसे सांगितले की ते करते म्हणे.

फाइल आली. "किती वेळा सांगतो आहे मी तुला, ओला टॉवेल पलंगावर टाकत जाऊ नकोस. आता मारतोच मी." आवाज त्यांचाच, श्वासही त्यांचाच. पण कड्यावर कोणी शाळामास्तर उभा होता. मी ती फाइल त्याच दिवशी कर्णिकांना पाठवली आणि त्यांना चांगली झाली आहे म्हणून कळवले.

मागच्या रविवारी देव मला दिवसभरासाठी त्याच्या घरी न्यायला आला. मिल्टन कीन्सला शिरल्यावर त्याच्या फोनवरून नकाशा बोलत होता, तो मध्येच थांबला आणि गाडीभर डाकू गर्जला. "किती डाव सांगून राहिली मी तुले..." देवने घाईघाईने बंद केले. कान लाल झाले होते त्याचे. बेचाळीस वर्षांचा आहे, दाढी पांढरी होते आहे.

"सॉरी, आई," तो चक्क मराठीत म्हणाला. "ओरिजनल मी डिलीट नाही केला. ऑफिसला जाताना मी रोज हाच ऐकते."

ऐकते, म्हणाला.

माझे तोंड उघडले. इतक्या वर्षांची सवय. पुढचा राउंडअबाउटचा गोल चौक आला, त्याला आम्ही पूर्ण वळसा घातला. मी तोंड मिटले, आणि थोड्या वेळाने म्हटले, "परत लाव."

कलम ६. यास्तव माझी स्पष्ट इच्छा अशी की, सुधारलेली प्रत जिथे जिथे असेल तिथून नष्ट करावी. मूळ प्रसंगाची मालकी देवकडे राहावी आणि मंडळाला दाखवायचा असेल तर तो मूळ आवाजात दाखवावा. लोकांना हसू आले तर त्यांना हसू द्यावे. कुरिहारांना लोक हसलेले आवडत असत. मात्र प्रसंगाआधी सचिवांनी माइकवरून सांगावे की ही भाषा दर्यापूरच्या राजश्री तायडेच्या घरातली आहे, आणि हिचा नवरा ती हिच्याकडून शिकला. एवढे सांगायचे नसेल तर प्रसंग दाखवू नये.

कलम ७. एक्झिक्युटर म्हणून मी देवची नेमणूक करते. सतीश कर्णिक यांना काहीही ठेवलेले नाही. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, म्हणून मी त्यांना साक्षीदार केले आहे. सही करण्यापूर्वी मी त्यांना कलम चार, पाच आणि सहा मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी कलम सहा स्वतः पुन्हा वाचले. मग म्हणाले, "वहिनी, माइकवर मीच सांगतो." मी म्हटले, बरे.

कलम ८. देव यापुढे मराठी बोलेल तेव्हा कोणी त्याला दुरुस्त करू नये. हे मंडळाला, शनिवारच्या वर्गाला आणि माझ्या सर्व नातेवाइकांना लागू आहे. मी ऑपरेशनमधून उठले तर मलाही लागू आहे.

शेवटचं माह्या भाषेत लिहितो, असं माही माय म्हणाली असती का, का लिहिते म्हणाली असती, आता मले आठवत नाई, तिकडे बाया दोन्ही म्हणत. हे सारं मी माह्या मनानं लिहून राहिली. कोणी लिहून घेऊन नाई राहिलं. वाचणाऱ्यानं जसं हाय तसंच वाचावं.

सही : राजश्री तात्सुओ कुरिहारा

वरील सही राजश्रीबाईंनी आम्हा दोघांच्या समोर केली व आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समोर आपापल्या सह्या केल्या.

साक्षीदार १ : सतीश कर्णिक, सचिव, मराठी मंडळ

साक्षीदार २ : आशा खंडारे, निवृत्त परिचारिका, मूळ गाव अंजनगाव

स्थळ : हाउन्सलो, लंडन

दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५